बायको पुढे निघून जाते, मग रविवारचं काय?

प्रश्न, थोडक्यात: पुण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. ते ४४ वर्षांचे, आयटीत नोकरी. पत्नी ४१ वर्षांच्या, बँकेत. मुलगा नववीत, सोबत ७३ वर्षांची आई. वजन कमी करायला म्हणून त्यांनी सायकल घेतली, मग आग्रह करकरून पत्नीलाही पळायला आणि पोहायला लावलं. मागच्या वर्षी दोघांनी गोव्याची ‘७०.३’ ही अर्ध्या आयर्नमॅन अंतराची ट्रायथलॉन शर्यत पूर्ण केली, म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि लगेच २१.१ किलोमीटर पळणं. यांना ७ तास ४८ मिनिटं लागली, पत्नीला ७ तास १२. “पाण्यातून मी आधी बाहेर आलो. सायकलवर ती मला ओलांडून गेली आणि जाताना ‘चला’ म्हणाली.” पुढच्या नोव्हेंबरात मलेशियातल्या लांगकावीला पूर्ण आयर्नमॅन (३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं) दोघांनी करायचं असा त्यांचा बेत आहे. पत्नी तयार आहेत, पण तयारी वेगळी करणार म्हणतात. त्यांनी एका महिला प्रशिक्षकाचा गटही धरला आहे. वाचक लिहितात: “तिला या नादाला मीच लावलं. एकत्र सुरू केलेलं एकत्र संपवावं, फिनिश लाइन हात धरून ओलांडावी, एवढंच माझं स्वप्न आहे. रविवारची राइड हाच आमचा दोघांचा वेळ. तोही गेला तर उरलं काय? मी हट्ट करतोय का, की तिने थोडं थांबायला हवं? घरचं म्हणाल तर अडचण नाही, आई आहेच. गुडघा जिने उतरताना थोडा दुखतो, पण ते चालायचंच.”

उत्तर:

सगळ्यात आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन टाकते. त्यांनी थांबायला हवं का? नाही. आणि बायकांची बाजू घ्यायची म्हणून मी हे म्हणत नाहीये. त्यांच्या थांबण्याने तुमचंही नुकसान होतंय.

कसं ते बघा. तुम्हीच लिहिलंय की रविवारी खंबाटकीला जाताना त्या शिरवळपर्यंत तुमच्याबरोबर असतात, घाट लागला की पुढे निघतात आणि वर चहाच्या टपरीवर तुमची वाट बघतात. आता शिरवळपर्यंतच्या सपाटीवर काय होतं? त्यांचं मागचं चाक नजरेआड होऊ नये म्हणून तुम्ही जीव खाऊन पॅडल मारता. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही बोलता येईल इतक्या निवांत दमाने चार-पाच तास काढायचे, नेमका त्याच दिवशी तुम्हाला धाप लागलेली. आणि त्यांना ज्या दिवशी जोर लावायचा असतो, तो दिवस मागे वळून बघण्यात आणि टपरीवर पाय गार करण्यात जातो. लांब पल्ल्याच्या तयारीत आठवड्याचा मोठा हिस्सा संथ व्यायामाचाच असतो. तो खरोखर संथ राहिला, तरच मधले एक-दोन दिवस जोराचे करायला पायांत काही उरतं. वेग वेगळे असलेली दोन माणसं एकाच वेगाने चालवली, की दोघांचाही व्यायाम ना धड हलका, ना धड जोराचा. तुमची ३६ मिनिटांची तफावत गोव्यात दिसली. या पद्धतीने चाललात तर लांगकावीला ती कमी होणार नाही, दोघांचेही पाय मात्र दमलेले असतील.

तेव्हा वेगळी तयारी म्हणजे तुमच्यापासून लांब जाणं, हे गृहीतक आधी जरा बाजूला ठेवा. ती निव्वळ चांगली तयारी असू शकते.

आता त्या एक्सेल शीटकडे येते. पत्रात तुम्ही ते कौतुकाने सांगितलंय: सोळा आठवड्यांचा तक्ता, दोघांसाठी, रंग भरलेला. आणि पुढे लिहिलंय, “तिचा प्लॅन म्हणजे माझा प्लॅन उणे दहा टक्के.” हे वाचून मला हसू आलं, राग नाही आला, पण तुमच्या पत्नीने वेगळा प्रशिक्षक का शोधला याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. गोव्यात ज्या तुमच्या ३६ मिनिटं आधी पोचल्या, त्यांचा तक्ता अजून तुमच्यातून दहा टक्के वजा करून निघतोय!

यात मानापमानापलीकडचीही एक गोष्ट आहे. बाईचं शरीर म्हणजे पुरुषाचं लहान मापाचं शरीर नव्हे. पाळीच्या चक्रात झोप, दम, तापमान, भूक सगळंच थोडंफार हलत असतं, काहींचं बरंच हलतं. चाळिशी ओलांडल्यावर ते चक्रही बदलायला लागतं. त्यात लोहाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. एवढा व्यायाम करणाऱ्या बाईने नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि मग ‘आज पायांत जीवच नाही’ असे दिवस वाढत जातात. आणखी एक. भरपूर व्यायाम आणि तुटपुंजं खाणं यामुळे पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती तंदुरुस्तीची पावती नव्हे. शरीराला इंधन कमी पडतंय, हाडांपर्यंत त्याचा परिणाम जाऊ शकतो, अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं असतं. हे सगळं एखाद्या अनुभवी महिला प्रशिक्षकाशी मोकळेपणी बोलता येतं. नवऱ्याच्या शीटमध्ये त्यासाठी रकाना नसतो. (हे पत्र वाचणाऱ्या भगिनींनो, तुमच्याही शीटमध्ये आहे का बघा.)

“तिला या नादाला मीच लावलं” हेही तुम्ही एकदा नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलंय. लावलंत, मान्य. पहिले बूट तुम्ही आणून दिलेत, पस्तिशीत पोहायच्या क्लासला नेऊन सोडलंत, ते त्या विसरल्या असतील असं मला वाटत नाही. पण त्यानंतर रोज पहाटे साडेचारला अंथरुणातून उठल्या त्या स्वतः. ओळख करून देणाऱ्याचे आभार मानता येतात, त्याच्या मागून आयुष्यभर चालता येत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खरी वाटलेली ओळ: रविवारची राइड हाच आमचा दोघांचा वेळ. इथे मी जरा थांबले. तुमचं दुखणं शर्यतीचं नाहीच, ते या ओळीत आहे. दोन नोकऱ्या, पुण्यातली रहदारी, मुलाचे क्लास, आईची औषधं, यात तुमच्या लग्नाला आठवड्यातून एक सकाळ मिळाली होती आणि ती आता प्रशिक्षकाच्या गटाकडे चालली, असं तुम्हाला वाटतंय. वाटणं साहजिक आहे.

पण त्या सकाळी तुम्ही दोघं नक्की काय करता, हे प्रामाणिकपणे आठवून बघा. हायवेवर शेजारी शेजारी चालवणं धोक्याचं, म्हणून एकामागे एक. वाऱ्यात आणि ट्रकच्या आवाजात बोलणं अशक्य. “खड्डा!” आणि “गाडी मागे!” हे दोनच शब्द. घाटात त्या पुढे, तुम्ही मागे. टपरीवर पंधरा मिनिटं, त्यातली दहा घड्याळातले आकडे बघण्यात. घरी आल्यावर तुम्ही सोफ्यावर आडवे, त्या स्वयंपाकघरात. (हे मी रचलेलं नाही, तुमच्याच पत्रात आहे: “मी आल्यावर तासभर झोपतो, तोवर ती जेवणाचं बघते.”) त्यांना तो वेळ ‘दोघांचा’ वाटत होता का, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? कदाचित हो म्हणतील. कदाचित म्हणतील की मला तुमच्याशी बोलायला मिळतं ते मंगळवारी रात्री भाजी निवडताना. माहीत नसताना गृहीत धरू नका.

हात धरून फिनिश लाइन ओलांडायच्या स्वप्नाबद्दल थोडं बोलू या, कारण ते गोड आहे आणि घोटाळ्याचंही. आयर्नमॅन शर्यतीचा उगमच एका नवरा-बायकोकडे जातो. अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी. १९७४ साली सॅन दिएगोत ‘मिशन बे’ इथे झालेल्या ट्रायथलॉनमध्ये दोघंही उतरले होते. पुढे हवाईला गेल्यावर वायकीकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, ओआहू बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन, ही तिन्ही अंतरं एकाच दिवसात जोडायची असं निघालं. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण उतरले, बारा जणांनी शर्यत पुरी केली. पंधराही पुरुष. त्यात जॉन होते, सतरा तासांनी पोचले. ज्युडी त्या पंधरांत नव्हत्या. पहिली बाई, लिन लेमेअर, पुढच्या वर्षी १९७९ मध्ये उतरली. तेव्हा बघा, ज्या जोडप्याच्या नावावर ही शर्यत आहे, त्यांनीसुद्धा ती पहिल्यांदा हात धरून संपवलेली नाही.

आणि नियमांचंही बघा. सायकलच्या टप्प्यात पुढच्याच्या आडोशाने चालवायला बंदी असते. आयर्नमॅनच्या शर्यतीत आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांनाही पुढच्या सायकलपासून बारा मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंड. म्हणजे १८० किलोमीटर तुम्ही शेजारी असूच शकत नाही. पोहण्यात तुम्ही पुढे, सायकलवर त्या पुढे, पळण्यातही त्याच पुढे. हात धरायचा तर कुणीतरी शेवटच्या टप्प्यात उभं राहून वाट बघायची. तेरा-चौदा तास झाल्यावर उभं राहिलेलं शरीर आखडतं, उलट्याही होऊ शकतात, पुन्हा पळतं करणं महाकठीण. व्यावसायिक शर्यतींमध्ये तर हे चालतच नाही: ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोत, ऑलिम्पिकआधीच्या चाचणी शर्यतीत, जेसिका लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोन ब्रिटिश मुली पहिल्या-दुसऱ्या येऊन हात धरून रेषा ओलांडून गेल्या आणि दोघीही बाद झाल्या, कारण ठरवून बरोबरी करायला नियमात मनाई आहे. तुम्हाला कुणी बाद करणार नाही. पण स्वप्न तुमचं एकट्याचं असेल तर त्याची किंमत त्यांनी शर्यतीच्या दिवशी का मोजावी, एवढाच माझा प्रश्न आहे. आधी पोचून, मेडल घालून, कठड्याला टेकून तुमची वाट बघणं त्यांना जास्त आवडणार असेल तर? तोही एक फोटो आहेच की.

ते “चला”ही जरा पुन्हा ऐकून बघा. तुम्ही ते टोमणा म्हणून ऐकलंय असं पत्राच्या सुरावरून वाटतं. नव्वद किलोमीटरच्या उन्हात नवऱ्याला ओलांडताना बाई आणखी काय म्हणणार? “मागे या” म्हणाल्या असत्या तर काळजीचं होतं.

पुढचा मुद्दा कदाचित तुम्हाला आवडणार नाही. “घरचं म्हणाल तर अडचण नाही, आई आहेच.” एवढ्या मोठ्या पत्रात घराला एक ओळ. पूर्ण आयर्नमॅनच्या तयारीचे भरीचे आठवडे माणशी बारा-पंधरा तासांचे असतात. दोघांचे मिळून पंचवीस-तीस तास घरातून वजा झाले. त्यात रोज दोनदा घामाचे कपडे, दुप्पट जेवण, सायकलींची साफसफाई, रात्री नऊला मिटणारे दोघांचेही डोळे. हे तीस तास त्र्याहत्तर वर्षांची बाई भरून काढणार आहे, आणि तेही अशा वर्षी जेव्हा नातू दहावीत असेल. नोव्हेंबरात शर्यत म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात जड तयारी, तेव्हा त्याची सहामाही. तुम्ही मलेशियाहून परत येता तोवर सराव परीक्षा डोक्यावर. दहावीचा मुलगा म्हणजे काही आजारी माणूस नव्हे, त्याच्या उशाशी बसून राहायची गरज नाही. पण रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांपैकी एक तरी जागा असलेला पालक त्याला मिळावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आईंना विचारा, पण “चालेल ना?” असं विचारू नका. आपल्याकडे त्याचं उत्तर “मला काय, तुम्ही जा” हेच येतं आणि त्यातून काहीही कळत नाही. नेमकं विचारा: पहाटे दूधवाल्याला दार उघडायचं, सकाळचा डबा, रविवारी त्याला क्लासला पाठवणं, यातलं काय जड जातं? काय नको वाटतं? मग ते एक-एक काम त्यांच्यावरून काढा. त्या महिन्यांपुरत्या स्वयंपाकाच्या मावशी ठेवा. तुम्ही ज्या कार्बन चाकांचा विचार करताय, त्यांच्या किमतीत मावशींचे बरेच महिने निघतील, आणि वेगाचा हिशेब केला तर मला वाटतं मावशीच स्वस्त पडतील. आणि राइडनंतरची तासभराची झोप आलटून पालटून घ्या. एक रविवार त्या झोपतील, तुम्ही कुकर लावा.

दोघांनी एकाच वेळी हायवेवर असण्याबद्दलही माझं एक मत आहे, पटलं तर बघा. घरी मूल आणि वय झालेली आई असताना आई-बाप दोघंही पहाटेच्या अंधारात ट्रकच्या रस्त्यावर, हे मला रुचत नाही. लांबची राइड एकाने शनिवारी, एकाने रविवारी केली तर घरी एक मोठं माणूस राहतं. पत्नीचा गट शनिवारी निघत असेल तर हे आपोआपच होतंय. तुम्ही एकटे निघणार असाल तर दिवे, मागचा लाल लुकलुकता दिवा, फोनवर लोकेशन चालू आणि खिशात नाव-रक्तगट-घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, हे सोडू नका. त्याहून बरं म्हणजे तुमच्या वेगाचा एखादा गट शोधा.

आता पर्याय. पहिला तुमचाच: दोघांनी पुढच्या नोव्हेंबरात लांगकावी. अशक्य नाही, पण तक्ते वेगळे, मावशी पक्क्या, आणि संध्याकाळच्या जेवणाला कोण जागं राहणार ते वाटून घेतलेलं, असं असेल तरच. खर्चही आठवून ठेवा: दोन नोंदण्या, दोन विमान तिकिटं, पेटीत भरून न्यायच्या दोन सायकली, राहणं, म्हणजे काही लाख सहज गेले. दुसरा: मुलगा बारावी होईपर्यंत सगळं थांबवणं. हा मला पटत नाही. एकेचाळिशीत उमललेली ताकद तीन वर्षं कपाटात ठेवली तर ती तशीच मिळेल याची खात्री नाही, आणि मुलासाठी आपण काय काय सोडलं याचा हिशेब पुढे त्याच्याच कानावर पडतो. तिसरा: यंदा दोघांनी पुन्हा गोव्याचीच करावी, किंवा तिथली रिले, ज्यात तुम्ही पोहाल, त्या सायकल चालवतील आणि पळायला मित्रमंडळींतला कुणी तरी घ्याल. रिलेला लोक उगीच कमी लेखतात. एकमेकांच्या हातात खरोखर काही सोपवण्याची संधी त्यातच आहे.

चौथा पर्याय, ज्याकडे माझा कल आहे: यंदा पूर्ण अंतर एकाच व्यक्तीने करावं, दुसऱ्याने घर आणि मुलगा सांभाळून अर्ध्या अंतराची तयारी ठेवावी, आणि दहावी झाल्यावर पाळी बदलावी. आधी कोण? ज्याला ते अंतर जास्त हवंय तो. इथे मला तुमच्या पत्रातलं काही टोचलं. पाच पानांत पत्नीच्या वेळा तुम्ही मिनिटांसकट दिल्यात, ४२ किलोमीटर पळायची तुम्हाला स्वतःला ओढ वाटते असं मात्र एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. तुम्हाला सतरा तासांच्या मुदतीत पुरं करायचं ते एक दिवसाचं वेड खरंच हवंय, की त्या जिथे जातील तिथे असायचंय? दुसरं उत्तर आलं तरी त्यात कमीपणा काही नाही. फक्त मग २२६ किलोमीटरची गरज नाही. ३० किलोमीटरच्या खुणेपाशी मिठाचं पाणी आणि कोरडे मोजे घेऊन उभं राहणाऱ्याचंही तिथे काम असतं. बाहेरची मदत घेतली तर दंड होतो, तेव्हा देऊ नका, नुसते उभे राहा!

एकत्र काय करता येईल? भरपूर, फक्त हायवे सोडून. तलावावर एकाच वेळी जा, लेन वेगवेगळ्या, सेट वेगवेगळे; तास संपला की बाहेर एकत्र. तुम्ही कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकलेले, त्या वयाच्या पस्तिशीत बंद तलावात शिकलेल्या. समुद्रात डोकं वर काढून दिशा कशी धरायची, लाटेआधी श्वास कुठल्या बाजूला घ्यायचा, हे तुमच्याकडून त्यांना खरंच मिळू शकतं. विचारलं तर सांगा, न विचारता काठावरून सूचना देऊ नका. उघड्या पाण्यात मात्र दोघांपैकी कुणीच कधीही एकटं उतरू नये, आणि जिथे पोहायला परवानगी नाही त्या धरणात तर एकत्रही नाही.

पळण्यासाठी एक साधी युक्ती आहे, वेग वेगळा असणाऱ्या सगळ्या जोडप्यांना उपयोगी. दोघांनी एकाच वेळी घरातून निघायचं, आपापल्या वेगाने पळायचं, आणि घड्याळात चाळीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. त्या किलोमीटरभर पुढे गेलेल्या असतील, पण परतीला तेवढंच अंतर त्यांना जास्त आहे. वेग सारखा ठेवलात तर सोसायटीच्या फाटकाशी दोघं जवळजवळ एकदमच पोचता, आणि शेवटच्या वळणावर मागून पावलं ऐकू यायला लागतात. कुणी कुणासाठी थांबलेलं नाही, कुणी धापा टाकलेल्या नाहीत. जोराच्या फेऱ्या करायच्या तर चारशे मीटरच्या मैदानावर करा. तिथे कितीही मागे-पुढे झालात तरी एकमेकांच्या नजरेत असता.

पावसाळ्यात दोन्ही सायकली हॉलमध्ये ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) लावा, एक मोठा पंखा, खाली जुनी सतरंजी. शेजारी शेजारी बसून एकजण संथ आणि दुसरा जोराचा सेट करू शकतो, आणि जो संथ आहे त्याला चक्क गप्पा मारता येतात. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं पायांचा आणि पाठीचा व्यायाम, तोही घरी एकत्र. महिन्यातून एखादी राइड अशी ठेवा की जिचा वेग हळू जाणाऱ्याने ठरवायचा, घड्याळं घरी, आणि तिचं कारण मिसळ. तिला तक्त्यात व्यायाम म्हणून मोजायचं नाही.

आणि या सगळ्यापलीकडे, आठवड्यातून एक संध्याकाळ ज्यात पॅडल, पेस, पोषण यांतलं काहीच नाही. तुम्ही दोघं पर्वतीवर जा, नाटकाला जा, बाजारात जा. आपल्या लग्नाला एकच सकाळ मिळते हे तुमचं दुःख खरं असेल, तर त्यावर उपाय दुसरी वेळ काढणं हा आहे.

तुमच्या सायकल ग्रुपवर “वहिनींनी मागे टाकलं राव” म्हणून चालणाऱ्या थट्टेबद्दल फार काही लिहीत नाही. “टाकलं, आणि झकास टाकलं” एवढं एकदा त्याच ग्रुपवर लिहा, आठवड्याभरात विषय संपेल.

पत्नीशी बोलताना स्वप्नापासून सुरुवात करू नका, कारण त्याला नकार देणं त्यांना जड जाईल आणि होकार दिला तर खरा किती ते कळणार नाही. आधी विचारा: तुला यातून काय हवंय? एकटीने काही करून बघायचंय का? माझ्याबरोबर चालवताना तुला काय खटकतं? उत्तर येईपर्यंत शीट उघडू नका. मग तुमचं सांगा: मला तुझ्याबरोबरचा वेळ कमी होईल अशी भीती वाटते. हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत, माझा अंदाज आहे की त्यांना अजून म्हणालेला नाहीत.

राहिला तुमचा गुडघा. जिने उतरताना दुखणारा गुडघा “चालायचंच” म्हणून सोडून देऊन ४२ किलोमीटर पळता येत नाही. खेळाडूंसोबत काम करणाऱ्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला तो दाखवा, सायकलच्या सीटची उंचीही मोजून घ्या. सीट खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. आणि हे लांगकावीचा फॉर्म भरायच्या आधी करा, कारण या शर्यतींच्या नोंदणीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.